अक्षता मूर्ती: शेअर्स, कर आणि दानधर्म याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षता मूर्ती यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ असतो. चार वेगवेगळे खिसे एक समजले जातात: त्यांचा स्वतःचा, आईवडिलांचा, इन्फोसिस कंपनीचा, आणि नवरा मंत्री असताना त्याच्या हातात असलेला सरकारी. पुढची उत्तरं वाचताना प्रत्येक ठिकाणी ‘हा पैसा कोणाच्या खिशातला?’ एवढं विचारत गेलात तर निम्मा गोंधळ तिथेच सुटेल. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. अक्षता मूर्ती नक्की कोण? थोडक्यात सांगा.

जन्म एप्रिल १९८०, हुबळी. वडील इन्फोसिसचे सहसंस्थापक एन. आर. नारायण मूर्ती, आई सुधा मूर्ती. शाळा बंगळुरूला, बाल्डविन गर्ल्समध्ये. पदवी अमेरिकेतल्या क्लेरमाँट मॅकेना कॉलेजची, विषय अर्थशास्त्र आणि फ्रेंच. त्यानंतर लॉस एंजेलिसला फॅशनचा डिप्लोमा आणि मग स्टॅनफर्डचं एमबीए. तिथेच ऋषी सुनक भेटले. ऑगस्ट २००९ मध्ये बंगळुरूत लग्न झालं. सुनक फेब्रुवारी २०२० पासून ब्रिटनचे अर्थमंत्री होते आणि २५ ऑक्टोबर २०२२ ते ५ जुलै २०२४ या काळात पंतप्रधान. त्यांना दोन मुली आहेत. मुलींबद्दलच्या प्रश्नांना इथे उत्तरं मिळणार नाहीत.

२. आडनाव मूर्ती की मूर्थी? वडील आणि मुलगी वेगळं स्पेलिंग का लिहितात?

देवनागरीत ‘मूर्ती’च. रोमन लिपीत लिहिताना दक्षिणेत ‘त’साठी ‘टी-एच’ वापरायची पद्धत आहे, कारण नुसता ‘टी’ ते ‘ट’साठी राखून ठेवतात. नारायण मूर्ती तसं ‘टी-एच’ लावून लिहितात. सुधा मूर्ती, अक्षता आणि तिचा भाऊ रोहन फक्त ‘टी’ लिहितात. इंग्रजी बातमीवरून घाईत मराठी करणारा ‘मूर्थी’ लिहून मोकळा होतो. हा फरक वरवरचा वाटला तरी सरकारी नोंदींमध्ये शोध घेताना नडतो, ते प्रश्न ६ मध्ये पाहा.

३. त्या मराठी आहेत का? महाराष्ट्राशी काही संबंध?

घराणं कानडी. पण महाराष्ट्राशी धागे आहेत, आणि ते ओढूनताणून आणलेले नाहीत. सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गावच्या. पुण्यात टेल्कोमध्ये (आताची टाटा मोटर्स) लागलेल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर. ‘फक्त पुरुषांनी अर्ज करावेत’ या जाहिरातीवर चिडून त्यांनी जेआरडींना पोस्टकार्ड धाडलं होतं, तो किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. इन्फोसिसची नोंदणीही पुण्यातलीच, २ जुलै १९८१. सुधाताईंनी साठवलेले १०,००० रुपये हेच तिचं भांडवल. कंपनी बंगळुरूला गेली ती १९८३ मध्ये. म्हणजे अक्षता कंपनीपेक्षा वर्षभराने थोरल्या.

आणखी एक धागा सहसा कोणी सांगत नाही. त्यांचे मामा, खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी, यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा.

४. इन्फोसिसमध्ये त्यांचं पद काय?

कोणतंच नाही. ना संचालक, ना नोकरदार. त्या भागधारक आहेत आणि संस्थापकांच्या घरातल्या असल्यामुळे कंपनीच्या कागदोपत्री ‘प्रवर्तक आणि प्रवर्तक गट’ या रकान्यात त्यांचं नाव येतं. या रकान्यात नाव असलं म्हणजे निर्णयात हात असतो असं नाही. एक टक्क्याच्या आसपासच्या वाट्यावर संचालक मंडळात जागा मिळत नाही.

५. शेअर्स किती, आणि त्यावर दर वर्षी किती पैसे मिळतात?

कंपनीच्या जाहीर तक्त्यांत वर्षानुवर्षं दिसणारा आकडा ३,८९,५७,०९६ शेअर्सचा, म्हणजे ३ कोटी ८९ लाखांच्या वर. लाभांशाचं गणित साधं आहे: शेअर्सची संख्या गुणिले प्रतिशेअर लाभांश. २०२२ या कॅलेंडर वर्षात इन्फोसिसने दोनदा लाभांश दिला, आधी १६ रुपये आणि मग १६.५० रुपये. बेरीज ३२.५० रुपये. म्हणून वर्तमानपत्रांत १२६.६१ कोटी आलं.

काही ठिकाणी याच सुमाराचा आकडा १३२ कोटी असा दिसतो आणि लोक विचारतात, खरा कोणता? दोन्ही खरे. १३२.४५ कोटी हा २०२२-२३ या आर्थिक वर्षाचा हिशोब आहे: अंतरिम १६.५० अधिक अंतिम १७.५०, म्हणजे ३४ रुपये. १६ रुपयांचा हप्ता आदल्या आर्थिक वर्षाचा अंतिम लाभांश होता, हातात मात्र जून २०२२ मध्ये पडला. कोणताही आकडा वाचताना वर्ष जानेवारीपासून मोजलंय की एप्रिलपासून, ते आधी पाहा.

६. हे आकडे मी स्वतः कसे तपासू?

भारतातला भाग सोपा आहे. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर इन्फोसिसचा कोड ५००२०९ टाका. तिथे भागधारणेचा तक्ता उघडा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत तो कंपनीला दाखल करावाच लागतो, त्यामुळे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ताजा तक्ता मिळतो. त्यात प्रवर्तक गटाचा उपतक्ता नावानिशी असतो.

इथे एक खाच आहे. अक्षता यांचा वाटा कुठे ०.९४ टक्के दिसतो, कुठे १.०५. शेअर्स तेवढेच असतात, भाजक बदलतो. अमेरिकी बाजारात एडीआर नावाच्या पावत्यांच्या रूपाने फिरणारे इन्फोसिसचे शेअर्स सेबीच्या नमुन्यातल्या एका रकान्यात वगळले जातात. भाजक लहान, म्हणून टक्केवारी मोठी. दुसरं कारण पुनर्खरेदी. कंपनीने बाजारातून स्वतःचे शेअर्स घेऊन रद्द केले की एकही शेअर न घेता उरलेल्यांची टक्केवारी चढते. ‘अक्षता यांनी वाटा वाढवला’ अशी बातमी दिसली तर टक्के सोडा, शेअर्सची संख्या बघा.

ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंद ‘कंपनीज हाउस’कडे असते आणि शोध फुकट आहे. संचालकाच्या नावाने शोधा. दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा (प्रश्न २). पत्त्यात किंवा नावाच्या रचनेत थोडा फरक पडला तरी एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी तयार होतात, त्यामुळे पहिल्याच नोंदीवर थांबू नका. तिथे संचालक दिसतात, २५ टक्क्यांहून जास्त वाटा असलेले ‘महत्त्वाचं नियंत्रण’ असलेले लोकही दिसतात. पण लहान वाटेदार शोधायला कंपनीचं वार्षिक पुष्टीपत्र एक-एक करून उघडावं लागतं. हिशोब शिळे असतात: खाजगी कंपनीला वर्ष संपल्यावर ९ महिन्यांची मुदत असते, आणि छोट्या कंपन्यांचा ताळेबंद दोन पानांत आटपतो.

७. ब्रिटिश श्रीमंतांच्या यादीत त्यांची संपत्ती दर वर्षी वेगळी कशी? मध्येच २०० दशलक्ष पौंड गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत. संडे टाइम्सच्या यादीत या जोडप्याची संपत्ती २०२२ मध्ये ७३० दशलक्ष पौंड होती, २०२३ मध्ये ५२९ आणि २०२४ मध्ये ६५१. शेअर्स तेच, भाव बदलला.

वहीत करून बघा. भाव १,५०० रुपये धरला तर ३.८९ कोटी शेअर्सचे साधारण ५,८४३ कोटी रुपये होतात. पौंड १०५ रुपयांना धरला तर ५५६ दशलक्ष पौंड. भाव १०० रुपयांनी हलला की ३९० कोटींच्या आसपास फरक, म्हणजे ३७ दशलक्ष पौंड. एप्रिल २०२३ मध्ये तिमाही निकाल पडल्यावर इन्फोसिस एका दिवसात नऊ टक्क्यांच्या आसपास घसरला होता. रुपया-पौंडाचा दर हलला की त्याचा वेगळा झोल. अशा यादीतला आकडा त्या आठवड्याचा फोटो समजावा.

८. वडिलांचा पैसा बाजूला ठेवला तर त्यांचा स्वतःचा धंदा काय?

सुरुवात नोकरीने झाली: डेलॉइट, युनिलिव्हर. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘टेंड्रिस’ या डच कंपनीत, पर्यावरणपूरक तंत्रज्ञानात गुंतवणूक करणाऱ्या निधीच्या विपणन संचालक. तिथून बाहेर पडून ‘अक्षता डिझाइन्स’ हा कपड्यांचा ब्रँड काढला. भारतीय हस्तकलेचे नमुने, पाश्चात्त्य कट. तीन-एक वर्षांत तो बंद झाला.

२०१३ मध्ये लंडनला ‘कॅटामरान व्हेंचर्स यूके’ सुरू झाली. याच नावाची बंगळुरूची कंपनी नारायण मूर्तींची, २०१० पासूनची. नाव आणि घर एक, पण ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने लंडनची कंपनी स्वतंत्र. सुरुवातीला सुनकही तिच्यात भागीदार होते. २०१५ मध्ये खासदार होण्याआधी त्यांनी आपला वाटा पत्नीच्या नावे केला. हा एक व्यवहार लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे वाद इथूनच निघतात: गुंतवणूक घराबाहेर गेली नाही, फक्त खासदाराच्या नावावरून हलली.

९. त्यांनी पैसे घातलेल्या कंपन्या बुडाल्या म्हणतात. त्यात त्यांचं किती गेलं?

‘डिग्मी फिटनेस’ ही जिमची साखळी फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये गेली. हाताने बनवलेल्या ब्रिटिश वस्तू विकणारी ‘द न्यू क्राफ्ट्समेन’ त्याच वर्षी नोव्हेंबरात. पुढे कॅटामरान यूकेच गुंडाळायचं ठरलं.

ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे कंपनी लगेच बंद असं नव्हे. संचालकांच्या हातून कारभार परवानाधारक दिवाळखोरी तज्ज्ञाकडे जातो. तो धंदा विकायचा प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं तर मोडून पैसे वाटतो. वाटपाची रांग ठरलेली असते: आधी तारण असलेले सावकार, मग कामगारांची ठरावीक देणी आणि करखात्याची काही देणी, मग पुरवठादारांसारखे ज्यांचं येणं विनातारण आहे असे, आणि सगळ्यात शेवटी भागधारक. या रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. अक्षता भागधारक होत्या.

टीका बुडण्यावरून झाली नाही. नवीन कंपन्यांत पैसे घालणाऱ्याचे दहातले काही जातातच. टीका झाली ती कोविडकाळातल्या पगार-मदत योजनेवरून. मार्च २०२० मध्ये ती योजना जाहीर करणारे अर्थमंत्री सुनक होते आणि डिग्मीने तिचा लाभ घेतला होता. योजना देशभरच्या मालकांना खुली होती, त्यामुळे यात नियमभंग शोधणाऱ्यांच्या हाती फारसं लागलं नाही. दिसायला मात्र ते वाईटच दिसलं.

१०. नॉन-डॉम म्हणजे काय? सोप्या मराठीत सांगा.

राहता एका देशात, पण कायद्याच्या नजरेत ‘मूळ घर’ दुसऱ्या देशात. या मूळ घराला इंग्रजी कायदा ‘डोमिसाइल’ म्हणतो. आपल्याकडे तहसीलच्या सेतू केंद्रात मिळतो तो डोमिसाइल दाखला वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

एप्रिल २०२५ पर्यंतचा नियम असा होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नॉन-डॉम माणसाला ब्रिटनमधल्या कमाईवर पूर्ण कर. परदेशातल्या कमाईवर मात्र ती ब्रिटनमध्ये आणली तरच कर. ही सवलत दर वर्षी मागून घ्यावी लागायची. सुरुवातीची वर्षं फुकट (काही वजावटी मात्र सोडाव्या लागायच्या), मागच्या ९ पैकी ७ वर्षं ब्रिटनमध्ये राहिल्यावर वर्षाला ३०,००० पौंड, १४ पैकी १२ झाल्यावर ६०,००० पौंड. २० पैकी १५ वर्षं झाली की सवलत संपली. अक्षता ३०,००० च्या टप्प्यात होत्या.

११. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून त्यांना नॉन-डॉम राहावंच लागलं ना?

नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने आधी असाच काहीसा खुलासा आला आणि करसल्लागारांनी तो लगेच खोडून काढला. नागरिकत्व पासपोर्टवर ठरतं. डोमिसाइल जन्माच्या वेळी सहसा वडिलांकडून मिळतं आणि कायमचं कुठे राहण्याचा इरादा आहे त्यावर बदलतं. भारतीय पासपोर्ट ठेवूनही कोणी ब्रिटनचं डोमिसाइल घेऊ शकतो, आणि ब्रिटिश पासपोर्टवालाही नॉन-डॉम असू शकायचा.

शिवाय डोमिसाइल भारतात असणं ही स्थिती झाली. तिच्या जोरावर करसवलत मागणं हा दर वर्षीचा निर्णय. ती मागायची सक्ती कोणावरच नव्हती.

१२. त्यांचा किती कर वाचला?

कुटुंबाने आकडा दिलेला नाही, म्हणून जे फिरतात ते अंदाज. बीबीसीने एका वर्षाचा लाभांश ११.६ दशलक्ष पौंड धरून २.१ दशलक्ष पौंडांचा अंदाज मांडला होता. तो असा जुळतो: त्या वेळी ब्रिटनमध्ये लाभांशावरचा सर्वांत वरचा दर ३८.१ टक्के. भारतात आधीच २० टक्के कापले गेले असं धरलं तर उरतो १८.१ टक्क्यांचा फरक. ११.६ च्या १८.१ टक्के म्हणजे २.१.

सोशल मीडियावरचे ‘२० दशलक्ष बुडवले’ छापाचे आकडे अनेक वर्षांची बेरीज असतात, आणि ‘बुडवले’ हा शब्द चूक आहे. कायद्याने दिलेली सवलत घेतली होती. प्रश्न नैतिक आणि राजकीय होता: कर वाढवणाऱ्या अर्थमंत्र्याच्याच घरात ती घेतली जावी का.

१३. मग त्यांनी ती सवलत सोडली का?

बातमी ६ एप्रिल २०२२ ला फुटली. ८ तारखेला त्यांनी जाहीर केलं की यापुढे जगभरातल्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरू, आणि नुकतंच संपलेलं २०२१-२२ हे करवर्षही त्यात धरू. त्याआधीच्या वर्षांचा कर मागे जाऊन भरण्याची घोषणा नव्हती. आपलं डोमिसाइल भारतातच राहील हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितलं.

ते शेवटचं वाक्य सहज वाचून सोडून देण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांवरच्या वारशावर ४० टक्के कर आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात मृत व्यक्तीच्या मालमत्तेवरच्या कराबाबत १९५६ चा करार आहे. भारतात डोमिसाइल असलेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर हा कर लागत नाही, असा त्याचा मथितार्थ. भारताने स्वतःचा असा मृत्यूनंतरचा कर (इस्टेट ड्यूटी) १९८५ मध्येच मोडीत काढला. करार मात्र उभा आहे.

१४. नॉन-डॉम अजून आहे का? मी लंडनमध्ये नोकरीला आहे, माझ्या पुण्यातल्या एफडीचं काय?

६ एप्रिल २०२५ पासून ती व्यवस्था गेली. घोषणा मार्च २०२४ मध्ये सुनक यांच्याच सरकारने केली आणि अंमलबजावणी मजूर पक्षाच्या सरकारने केली. आता डोमिसाइल बघितलं जात नाही, किती वर्षं राहिलात ते बघतात. आधीची सलग १० वर्षं ब्रिटनबाहेर काढून नव्याने आलेल्याला पहिली ४ वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट. ती मागावी लागते, आणि मागितली की करमुक्त मर्यादा जाते. पाचव्या वर्षापासून सगळं उत्पन्न कराच्या जाळ्यात.

तुमच्यासाठी याचा अर्थ: पुण्यातल्या बँकेचं व्याज, सोलापूरच्या फ्लॅटचं भाडं, शेअर्सचा लाभांश, सगळं ब्रिटिश विवरणपत्रात. भारतात कापला गेलेला कर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार वळता मिळतो, पण करारातल्या मर्यादेपर्यंतच. बँकेने जास्त टीडीएस कापला असेल तर तो जादा भाग भारतातून परतावा म्हणून मागायचा. लंडनकडे मागून उपयोग नाही.

लोक हमखास चुकतात ते तीन ठिकाणी. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून ब्रिटनमध्येही करमुक्त असेल असं धरतात. ते तिथे करपात्र आहे. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्याच्या व्याजाचंही तेच. आणि करवर्षं जुळत नाहीत: आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यांचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल. ३ एप्रिलला जमा झालेलं व्याज आणि ७ एप्रिलला जमा झालेलं व्याज आपल्या एकाच वर्षात, पण त्यांच्या दोन वेगळ्या वर्षांत पडतं. बँकेकडून वार्षिक प्रमाणपत्राऐवजी तारीखवार उतारा घ्या. ऑनलाइन विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ जानेवारी.

१५. कोरू किड्स प्रकरण काय होतं?

कोरू किड्स ही पाळणाघर आणि मुलं सांभाळणाऱ्या आया पुरवणारी एजन्सी. अक्षता तिच्यात छोट्या भागधारक होत्या. १५ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात घरी मुलं सांभाळणाऱ्या नव्या व्यक्तींना प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली: थेट नोंदणी केली तर ६०० पौंड, एजन्सीमार्फत आलात तर १,२०० पौंड. सरकारी संकेतस्थळावर ज्या मोजक्या एजन्सी होत्या, त्यांत कोरू किड्स होती.

२८ मार्चला संसदीय समितीत एका खासदार बाईंनी पंतप्रधानांना विचारलं, तुमचं या योजनेत काही हितसंबंध? उत्तर आलं की सगळं रीतसर जाहीर केलेलं आहे. जाहीर होतं ते मंत्र्यांच्या हितसंबंधांच्या यादीसाठी (प्रश्न १६), आणि ती यादी तोवर प्रसिद्ध झालेली नव्हती. ऑगस्टमध्ये खासदारांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या संसदेच्या मानक आयुक्तांनी निष्कर्ष दिला: नियमभंग झाला, पण अनवधानाने. नोंदवहीत नोंद करणं आणि त्या क्षणी तोंडी सांगणं या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, त्यांची गल्लत झाली. सुनक यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चौकशी तिथेच मिटली. खिसा पत्नीचा, बोलायची जबाबदारी मात्र नवऱ्याची.

१६. ब्रिटनमध्ये नेत्याच्या बायकोची मालमत्ता जाहीर करावी लागत नाही?

आपल्यासारखी नाही. आपल्याकडे निवडणूक लढवणाऱ्याला नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात पतीची किंवा पत्नीची मालमत्ता मांडावी लागते: रोकड, ठेवी, सोनं तोळ्यांत, जमीन गटक्रमांकासह. गावातल्या कोणालाही ते उघडून वाचता येतं.

ब्रिटनमध्ये मंत्री आपले आणि जोडीदाराचे हितसंबंध खात्याच्या सचिवाला आणि स्वतंत्र सल्लागाराला कळवतो. ते दोघं त्यातलं ‘प्रस्तुत’ काय ते ठरवतात आणि तेवढंच छापलं जातं. त्यामुळे अक्षता यांचे इन्फोसिसमधले शेअर्स ब्रिटिश मतदाराला लंडनच्या कागदांपेक्षा मुंबईच्या शेअर बाजारात सहज सापडत होते. एप्रिल २०२२ च्या वादानंतर सुनक यांनी स्वतःहून सल्लागार लॉर्ड गाइट यांच्याकडे तपासणी मागितली होती. त्यांनी मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचं सांगितलं.

१७. रशियाचा वाद कसला होता?

युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा इन्फोसिसचं मॉस्कोत छोटं कार्यालय होतं, आणि ब्रिटिश कंपन्यांना रशियातून बाहेर पडा असं सुनक सांगत होते. एप्रिल २०२२ मध्ये इन्फोसिसने तिथलं काम हलवत असल्याचं जाहीर केलं. अक्षता यांचा निर्णयात हात असण्याचा प्रश्न नव्हता (प्रश्न ४).

१८. पंतप्रधानांची पत्नी म्हणून पद किंवा पगार मिळायचा का? मत देता यायचं का?

पद नाही, पगार नाही. ‘फर्स्ट लेडी’ हा अमेरिकी प्रकार. मताचं उत्तर मात्र अनेकांना चकवतं: ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदीय निवडणुकीतही मतदार होऊ शकतो. तुम्ही लंडनमध्ये असाल तर तुम्हीसुद्धा.

१९. ते ३८ पौंडांचे कप खरे का?

खरे. जुलै २०२२ मध्ये सुनक यांनी राजीनामा दिल्यावर घराबाहेर ताटकळणाऱ्या पत्रकारांसाठी त्या स्वतः चहाचा ट्रे घेऊन आल्या. दारी आलेल्याला चहा विचारायचा हे आपल्याला वेगळं वाटणार नाही. लोकांनी फोटो मोठा करून कप ओळखले: एमा लेसी यांच्या हातचे, नग ३८ पौंड. महागाईने लोक मेटाकुटीला आलेले असताना त्या दिवशी चहापेक्षा कपाचीच चर्चा जास्त झाली.

२०. दानधर्म म्हणतात तो नेमका कोणता?

ज्यात त्यांचं स्वतःचं नाव आहे तेवढंच सांगतो. क्लेरमाँट मॅकेना कॉलेजच्या त्या विश्वस्त. २०१८ मध्ये पतीसह तिथे ३० लाख डॉलर दिले. त्यातून ‘मूर्ती सुनक’ नावाची संख्यात्मक आणि संगणकीय प्रयोगशाळा उभी राहिली. डाउनिंग स्ट्रीटवर असताना २०२३ मध्ये ‘लेसन्स ॲट टेन’ सुरू केलं, ज्यात शाळकरी मुलं पंतप्रधान निवासात येऊन तास करायची. २०२५ मध्ये दोघांनी ‘रिचमंड प्रोजेक्ट’ काढला. काम गणिताची भीती घालवण्याचं, मुलांत आणि मोठ्यांतही. नाव सुनक यांच्या यॉर्कशरमधल्या मतदारसंघाशी जुळतं. त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या विश्वस्तपदी त्यांची नेमणूक झाली.

देणगीच्या रकमेबाबत टीका झाली तीही ऐकून ठेवा: अमेरिकेतल्या आधीच सधन कॉलेजला एवढे पैसे, आणि ब्रिटनमधल्या सरकारी शाळांना? दाता कुठे शिकला तिकडे त्याचा हात आधी जातो, हे आपल्याकडच्या माजी विद्यार्थी संघांना सांगायला नको.

२१. इन्फोसिस फाउंडेशन त्यांचंच ना?

नाही. ते १९९६ मध्ये सुरू झालं, सुधा मूर्ती २०२१ च्या अखेरपर्यंत अध्यक्ष होत्या, आणि पैसा कंपनीचा असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हार्वर्डची मूर्ती अभिजात ग्रंथमालाही अक्षता यांची नाही, ती भावाच्या, रोहन मूर्तींच्या देणगीतून उभी राहिली.

२२. आमच्या संस्थेला त्यांच्याकडून मदत मिळेल का? एक लिंक आली आहे, ‘मूर्ती परिवार योजना’ म्हणून.

लिंक उघडू नका. नारायण मूर्तींचा चेहरा आणि आवाज वापरून बनवलेल्या ट्रेडिंग ॲपच्या खोट्या चित्रफिती फिरत असल्याचा इशारा त्यांनी स्वतः डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. देणगी देणारा ‘प्रक्रिया शुल्क’ मागत नाही, ओटीपी तर नाहीच.

संस्थेसाठी खरा मार्ग कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीचा (प्रश्न २१). त्यासाठी आधी कागद लागतात: न्यास नोंदणी, १२-ए, ८०-जी आणि कंपनी व्यवहार खात्याकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) खालची नोंदणी, आणि त्याचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं. ब्रिटनमधली एखादी संस्था खरी आहे का हे पाहायचं असेल तर इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिचा क्रमांक टाका. विश्वस्तांची नावं आणि गेल्या वर्षाचे जमाखर्च तिथे दिसतात. क्रमांकच देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.